पॅप टेस्टमधला ‘पॅप’ : डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ

काही शास्त्रज्ञांची नावे आपण रोज घेतो, पण ती माणसांची नावे आहेत हे आपल्या लक्षातच येत नाही. व्होल्ट, वॅट, ओहम, हर्ट्झ... फर्स्ट इयरपासून आपण त्यांच्याशी झुंजतोय. डॉक्टर लोकांकडेही असाच एक शब्द आहे, ‘पॅप’. पॅप टेस्ट, पॅप स्मिअर, पॅप स्टेन. जगभरातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये हा शब्द रोज लिहिला जातो. हा पॅप म्हणजे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी म्हटली की त्यांचे नाव निघते. पण त्यांनी जगाला दिलेली गोष्ट त्याहून मोठी आहे. शरीराने स्वतःहून टाकून दिलेल्या पेशी नीट पाहिल्या तर आत काय चालले आहे ते कळू शकते, ही ती गोष्ट. आज फुप्फुसाचा एखादा दुर्मिळ कॅन्सर सुईतून आलेल्या थेंबभर पेशींवरून ओळखला जातो, त्या विद्येचा पाया ज्यांनी पक्का केला त्यांच्यात पापानिकोलाऊ पहिल्या रांगेत येतात.

त्यांचा जन्म १३ मे १८८३ चा. ग्रीसमधल्या एव्हिया बेटावर कीमी नावाचे समुद्रकाठचे छोटे गाव आहे, तिथला. वडील निकोलाओस गावचे डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावे आणि आपली प्रॅक्टिस पुढे चालवावी अशी त्यांची साधी अपेक्षा. (हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना?) जॉर्ज हुशार होता. अथेन्स विद्यापीठातून १९०४ मध्ये तो उत्तम गुणांनी डॉक्टर झाला, सैन्यातली सक्तीची नोकरी करून गावी परतला आणि रोगी तपासू लागला. पण मन रमेना. त्याला संशोधन करायचे होते. अखेर वडिलांनी मान्य केले आणि १९०७ मध्ये तो जर्मनीला गेला. येनामध्ये हेकेल, फ्रायबुर्गमध्ये वाइझमान आणि म्युनिकमध्ये हर्टविग अशा त्या काळच्या मोठ्या जीवशास्त्रज्ञांकडे तो शिकला. १९१० मध्ये म्युनिकहून त्याने पीएच. डी. घेतली. विषय होता पाण्यातल्या एका बारीक कवचधारी जिवात नर-मादी कसे ठरते हा. डॉक्टर मुलगा रोगी सोडून पाण्यातले किडे बघतोय म्हटल्यावर कीमीमध्ये काय चर्चा झाली असेल याची कल्पना आपण करू शकतो!

त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. पत्नी आन्द्रोमाखी माव्रोयेनी, घरचे नाव मेरी. लष्करी घराण्यातली, शिकलेली मुलगी. या मेरीबाईंचे नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या कथेत त्या प्रत्येक पानावर आहेत.

काही काळ मोनॅकोच्या समुद्रविज्ञान संस्थेत काम केल्यावर १९१२-१३ च्या बाल्कन युद्धात पापानिकोलाऊंना सैन्याच्या वैद्यकीय पथकात जावे लागले. तिथे अमेरिकेहून लढायला आलेले ग्रीक तरुण भेटले. त्यांच्याकडून अमेरिकेतल्या संधींबद्दल ऐकले आणि ठरले. ऑक्टोबर १९१३ मध्ये हे जोडपे न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. खिशात जेमतेम २५० डॉलर, ओळखीचे कोणी नाही आणि इंग्रजीचा पत्ता नाही. एम. डी., पीएच. डी. झालेला हा माणूस गिंबल्स नावाच्या मोठ्या दुकानात गालिचे विकायला उभा राहिला. ते काम त्यांना अजिबात जमले नाही. मेरी त्याच दुकानात बटणे शिवायच्या, आठवड्याला ५ डॉलरवर. पापानिकोलाऊंनी मग हॉटेलात व्हायोलिन वाजवले, एका ग्रीक वर्तमानपत्रात कारकुनी केली. आज आपल्यातले कितीतरी जण एम. एस. साठी अमेरिकेचे स्वप्न बघतात. त्यांनी निदान एकदा तरी हा प्रसंग वाचावा.

सुदैवाने थॉमस हंट मॉर्गन या प्रसिद्ध जनुकशास्त्रज्ञाला त्यांचा प्रबंध माहीत होता. त्यांच्या शिफारशीने आधी न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये आणि १९१४ मध्ये कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात, चार्ल्स स्टॉकार्ड यांच्या हाताखाली, काम मिळाले. मेरीही तिथे मदतनीस म्हणून येऊ लागल्या. त्यांच्या कामाला पगार नव्हता.

आता मुख्य गोष्ट सुरू होते, आणि ती सुरू होते गिनीपिगपासून. पापानिकोलाऊंना गिनीपिग माद्यांची बीजे हवी होती, तीही अगदी बीज सुटण्याच्या वेळची. पण ती वेळ कळणार कशी? मादी मारून पाहायची, तर नेमकी वेळ चुकलेली असायची. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग. नमुना तोडायचा आणि मग कळणार की हा नमुना नको होता! त्यांच्या मनात विचार आला की मोठ्या प्राण्यांच्या माद्यांना ठरावीक काळाने स्राव होतो, तर या लहान प्राण्यालाही होत असणार, फक्त तो इतका थोडा असेल की डोळ्यांना दिसत नसेल. त्यांनी नाक तपासायचे छोटे उपकरण आणले, त्याच्या मदतीने रोज योनीमार्गातला किंचित स्राव घेतला, काचेच्या स्लाइडवर पसरला आणि मायक्रोस्कोपखाली ठेवला. समोर पेशींचे पूर्ण कॅलेंडर होते! ठरावीक दिवशी ठरावीक आकाराच्या पेशी. मादीला धक्का न लावता आतली स्थिती कळू लागली. थोडक्यात काय, तर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग. १९१७ मध्ये स्टॉकार्ड यांच्याबरोबर त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि हार्मोनवर काम करणाऱ्या अनेक लॅबनी ही पद्धत उचलली.

जे गिनीपिगमध्ये दिसते ते माणसात दिसेल का? हा पुढचा प्रश्न. इथे मेरीबाई पुढे आल्या. वर्षानुवर्षे त्यांनी स्वतःचे नमुने दिले. पहिली, आणि सगळ्यात जास्त काळ साथ देणारी ‘केस’ म्हणजे घरची बायको. आज कोणत्याही प्रयोगाला एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे. पण त्या बाईंचा धीर आणि चिकाटी याला तोड नाही. नॉर्मल म्हणजे काय हे आधी पक्के माहीत असल्याशिवाय ॲबनॉर्मल ओळखता येत नाही. तो नॉर्मलचा बेस मेरींच्या स्लाइडवर तयार झाला.

मग दवाखान्यातल्या इतर स्त्रियांचे नमुने येऊ लागले. त्यातल्या काही स्लाइडवर पापानिकोलाऊंना वेगळ्याच पेशी दिसल्या. पेशीकेंद्र अवाच्या सवा मोठे, गडद, वेडेवाकडे. त्या स्त्रियांना गर्भाशयाचा कॅन्सर होता. आपल्या संशोधनातल्या सर्वांत थरारक क्षणांपैकी तो एक, असे ते पुढे सांगत.

जानेवारी १९२८. अमेरिकेतल्या बॅटल क्रीक गावी एक परिषद भरली. आयोजक कॉर्नफ्लेक्सवाले डॉ. केलॉग, आणि परिषदेचा विषय ‘वंशसुधारणा’, जो आज आपल्याला मुळीच पटणार नाही. अशा चुकीच्या जागी पापानिकोलाऊंनी आपला शोध वाचून दाखवला. छापून आलेला निबंध चुकांनी भरलेला होता, चित्रे धड नव्हती. डॉक्टरांनी लक्ष दिले नाही. त्यांचा मुद्दा असा की कॅन्सर ओळखायचा तर त्या जागेचा तुकडा काढून बघता येतो, मग चार सुट्या पेशींवर विश्वास कशाला ठेवायचा? एकेक वीट बघून इमारत पडणार की नाही हे कसे सांगणार, असाच काहीसा तो आक्षेप. गंमत म्हणजे त्याच सुमारास रुमानियात ऑरेल बाबेश नावाचे डॉक्टर स्वतंत्रपणे अशीच पद्धत वापरत होते. त्यांनी १९२७ मध्ये ती बुखारेस्टला मांडली आणि १९२८ मध्ये फ्रेंच नियतकालिकात छापली. तेव्हा या शोधाचे श्रेय देताना बाबेश यांचे नाव घ्यायलाच हवे. मात्र त्यांचे काम तिथेच थांबले.

पापानिकोलाऊ गप्प बसले, पण थांबले नाहीत. पुन्हा हार्मोन आणि मासिक चक्राकडे वळले, १९३३ मध्ये स्त्रियांच्या चक्रावर मोठा ग्रंथ लिहिला. कॅन्सरच्या स्लाइड मात्र टाकून दिल्या नाहीत. अकरा वर्षे गेली. १९३९ मध्ये विभागाला जोसेफ हिन्सी हे नवे प्रमुख मिळाले आणि त्यांनी हे जुने काम पुन्हा काढायला लावले. हर्बर्ट ट्राउट हे स्त्रीरोगतज्ज्ञ जोडीला आले. न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या स्त्रियांचे नमुने नेमाने घ्यायचे ठरले. तक्रार असो वा नसो. आणि काय दिसले? ज्यांना काहीच त्रास नव्हता, ज्यांच्यात डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, अशांच्या स्लाइडवरही कॅन्सर सापडू लागला. १९४१ मध्ये शोधनिबंध आला, १९४३ मध्ये पुस्तक. त्यातली चित्रे हाशिमे मुरायामा या जपानी चित्रकाराने काढली होती, आणि पेशी कशा दिसतात हे डॉक्टरांना पटवण्यात त्या चित्रांचा मोठा वाटा होता. १९२८ च्या फजितीतून पापानिकोलाऊ हा धडा शिकले होते.

१९४२ मध्ये त्यांनी रंग देण्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली, तोच तो पॅप स्टेन. हे आपण इंजिनिअर लोकांनी जरूर समजून घ्यावे, कारण ही सरळ सिग्नल आणि नॉइजची गोष्ट आहे. स्लाइडवर पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात, मध्ये चिकट स्राव, रक्त. साध्या रंगाने सगळा गडद चिखल दिसतो. पापानिकोलाऊंनी काय केले? नमुना सुकू न देता लगेच अल्कोहोल-ईथरमध्ये बुडवला, म्हणजे पेशींचा आकार बिघडत नाही. मग हिमॅटॉक्सिलिनने पेशीकेंद्र निळे-काळे केले. नंतर ऑरेंज जी, इओसिन, लाइट ग्रीन असे रंग अल्कोहोलमधून दिले. केराटिन असलेली पेशी नारिंगी झळकते, बाकीच्या गुलाबी किंवा निळसर हिरव्या आणि पारदर्शक राहतात. त्यामुळे वरच्या पेशीतून खालची दिसते! म्हणजे एकाच स्लाइडवर वेगवेगळे चॅनल. इतक्या वर्षांनंतरही हा रंग जगभर वापरला जातो.

आता फुप्फुसाकडे येऊ. गर्भाशयमुखापर्यंत डॉक्टरचा हात पोचतो. फुप्फुस छातीच्या पिंजऱ्यात बंद. पण फुप्फुसही पेशी बाहेर टाकतेच, बेडक्यातून. थुंकीत कॅन्सरच्या पेशी दिसतात हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनीही नोंदवले होते, आणि १९३५ मध्ये लंडनच्या डजन आणि रिग्ली यांनी त्यावर चांगले काम केले होते. पापानिकोलाऊंच्या रंगामुळे या कामाला जोर आला. १९५१ मध्ये त्यांनी आणि इरेना कोप्रोव्स्का या पोलंडहून आलेल्या डॉक्टर बाईंनी मिळून एक केस प्रसिद्ध केली. उजव्या बाजूच्या खालच्या श्वासनलिकेतला, अस्तराच्या बाहेर न पसरलेला, अगदी सुरुवातीचा कॅन्सर. १९५४ मध्ये त्यांचा मोठा सचित्र ॲटलास आला. त्यात श्वसनमार्ग, मूत्रमार्ग, जठर, स्तन, सगळ्यांच्या पेशी होत्या. जणू शरीराच्या प्रत्येक अवयवाची सही कशी असते त्याचे पुस्तकच.

ही सही वाचणे किती नाजूक काम आहे बघा. बेडका आणला की आधी त्यात फुप्फुसाच्या आतल्या सफाई कामगार पेशी, म्हणजे धूळ गिळणाऱ्या मॅक्रोफेज, आहेत का ते पाहतात. त्या नसतील तर ती नुसती तोंडातली लाळ, रिपोर्ट देण्यात अर्थ नाही. पेशीवर केसासारखे सिलिया दिसले तर बहुधा ती निरुपद्रवी. नारिंगी, वेड्यावाकड्या पेशी दिसल्या तर स्क्वेमस जातीचा कॅन्सर. बारीक पेशी, एकमेकींना दाबून बसलेली पेशीकेंद्रे, जवळजवळ नसलेले पेशीद्रव्य, आजूबाजूला मेलेल्या पेशींचा कचरा, तर स्मॉल सेल कॅन्सर.

खरी परीक्षा दुर्मिळ प्रकारांत होते. कार्सिनॉइड नावाचा ट्यूमर फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये शंभरात एक-दोन जणांना होतो. त्याच्या पेशीही बारीक, आणि पेशीकेंद्रात तसाच मीठ-मिरी भुरभुरल्यासारखा पोत. पण त्या एकसारख्या, शिस्तीत, आणि कचरा नाही. नमुना घेताना पेशी चिरडल्या तर त्या स्मॉल सेलसारख्या वाटू शकतात. आता फरक काय पडतो? फार मोठा. कार्सिनॉइड बहुतेक वेळा ऑपरेशनने बरा होतो, स्मॉल सेलला मुख्यतः केमोथेरपी आणि रेडिएशन. नाव चुकले तर बरा होऊ शकणारा माणूस नको ते विष घेत बसणार. शिवाय कार्सिनॉइडवर बऱ्याचदा निरोगी अस्तराचे पांघरूण असते, त्यामुळे बेडक्यात त्याच्या पेशी सहसा उतरतच नाहीत. तिथे सुईने नमुना घ्यावा लागतो. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा आणखी एक दुर्मिळ प्रकार, त्यात गोल गोळ्यांभोवती छोट्या पेशी जमलेल्या दिसतात. आणि एनयूटी कार्सिनोमा तर फारच दुर्मिळ आणि झपाट्याने वाढणारा. तो नुसत्या आकारावरून ठरवता येत नाही, उरलेल्या पेशींचा छोटा ब्लॉक करून त्यावर खास अँटीबॉडीची टेस्ट लावावी लागते. म्हणजे पापानिकोलाऊंच्या डोळ्याला आता रसायनशास्त्राची आणि जनुकांची जोड मिळाली आहे. पण आधी कोणीतरी स्लाइड बघून इथे काहीतरी वेगळं आहे हे ओळखावे लागतेच.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की पद्धत सगळीकडे सारखी यशस्वी झाली नाही. पॅप टेस्ट नेमाने करणाऱ्या देशांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले. तसेच फुप्फुसाचेही होईल म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्यांवर मोठ्या चाचण्या झाल्या. नियमित थुंकी तपासून मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आज थुंकीची पेशी-तपासणी सरसकट चाळणीसाठी वापरत नाहीत. संशय आलेल्या जागेतून सुईने किंवा ब्रशने घेतलेल्या पेशी वाचून निदान करण्यात मात्र हीच विद्या रोज कामाला येते.

आपल्या महाराष्ट्राचाही या कथेशी संबंध आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. त्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे निम्मे झाले, पण पॅप टेस्टच्या गटात म्हणावी तशी घट दिसली नाही. मुंबईत टाटा मेमोरिअलच्या अभ्यासात तर नुसते व्हिनेगर लावून पाहण्याने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. कारण पॅप टेस्ट पुन्हा पुन्हा करावी लागते, आणि तिला लॅब आणि तयार डोळा लागतो. एखादे तंत्र उत्तम असणे आणि ते आपल्या गावात उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे हे आहे.

पुढे पापानिकोलाऊंना १९५० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल मिळाले नाही. जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे कॉर्नेलमध्ये काढल्यावर १९६१ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते मायामीला एक कॅन्सर संस्था उभी करायला गेले. या वयात लोक नातवंडांना फिरवतात! (या दोघांना मूल नव्हते. लॅब हाच त्यांचा संसार.) पण तीनच महिन्यांत, १९ फेब्रुवारी १९६२ रोजी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. संस्थेला पुढे त्यांचे नाव दिले गेले. मेरीबाईंनी पतीनंतरही ते काम सोडले नाही. त्या १९८२ मध्ये गेल्या. ग्रीसने १९९५ मध्ये १०,००० द्राख्माच्या नोटेवर पापानिकोलाऊंचे चित्र छापले. युरो आल्यावर ती नोट गेली.

पण त्यांची एक सवय टिकली. ते आपल्या रिपोर्टमध्ये कॅन्सर आहे किंवा नाही एवढेच लिहीत नसत. पाच वर्ग करत, पूर्ण निर्धोक ते पूर्ण खात्री, आणि मधल्या पायऱ्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने फुप्फुसाच्या पेशी-नमुन्यांसाठी जी पद्धत आली तिच्यातही पाचच वर्ग आहेत. नमुना अपुरा, निर्धोक, वेगळ्या पेशी, संशयास्पद आणि कॅन्सर. हे पाच वर्ग पापानिकोलाऊंच्या वर्गांसारखे तंतोतंत नाहीत, पण वृत्ती तीच. जेवढे दिसले तेवढेच म्हणायचे आणि किती खात्री आहे तेही सांगायचे.

आपण सबमिशनच्या आदल्या रात्री रीडिंग ‘ॲडजस्ट’ करणारी मंडळी! आपल्याला या माणसाकडून घेण्यासारखे हेच आहे. त्यांच्याकडे ना मोठी ग्रँट होती, ना इंग्रजी, ना वशिला. होता एक मायक्रोस्कोप, घरची सोबत आणि अकरा वर्षे कोणी ऐकले नाही तरी स्लाइड जपून ठेवण्याची चिकाटी. त्या स्लाइड फेकून दिल्या असत्या तर कोणी विचारलेही नसते. पण किती बायका, किती आया वेळेवर उपचार न मिळता गेल्या असत्या, त्याचा हिशोब मात्र कोणालाच लागला नसता.